बीपी ९६ आहे, आता कोणती गोळी थांबवू?

प्रश्न: मी फिजिशियन आहे, स्वतःचं छोटं क्लिनिक चालवतो. माझ्या ५८ वर्षांच्या एका पेशंटला गेल्या पाच महिन्यांत दोनदा हार्ट फेल्युअरमुळे ॲडमिट करावं लागलं. इकोमध्ये इजेक्शन फ्रॅक्शन (हृदयाचं पंपिंग) २८ टक्के. दुसऱ्या डिस्चार्जच्या वेळी सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन ५० मिलिग्रॅम दोन वेळा, बिसोप्रोलॉल २.५, स्पायरोनोलॅक्टोन २५, डॅपाग्लिफ्लोझिन १० आणि फ्युरोसेमाइड ४० दोन वेळा असं लिहून दिलं होतं. डिस्चार्जनंतर दहा दिवसांनी माझ्याकडे आले तेव्हा बीपी ९६/६२, क्रिएटिनिन (किडनीच्या कामाचा आकडा) १.२ वरून १.५ झालेलं, पोटॅशियम ५.२. दम नाही, घरातल्या घरात फिरतात, पण थकवा आहे आणि उठताना कधीकधी गरगरतं. गुडघेदुखीही आहे. घरचे लोक दिवसातून चार-पाचदा बीपी मोजतात आणि घाबरून मला फोन करतात. मी अजून काही बंद केलेलं नाही, पण प्रत्येक फोननंतर वाटतं की एखादी गोळी थांबवून मोकळं व्हावं. कोणती आधी थांबवू? क्रिएटिनिन कितीपर्यंत चालवून घ्यायचं? पेशंट विचारतात, ‘गोळ्या किती महिने?’ त्यांना काय सांगू?

उत्तर:

डॉक्टर, फ्युरोसेमाइड सोडून बाकीच्या चार मुख्य औषधांपैकी आज एकही थांबवू नका. तुम्ही दिलेल्या तिन्ही आकड्यांत थांबवण्यासारखं काही नाही. काही कमी करायचंच झालं तर मी आधी फ्युरोसेमाइडचा, म्हणजे लघवीच्या गोळीचा, विचार करेन, आणि तोही पेशंटला टेबलवर घेऊन नीट तपासल्यानंतर.

तुमच्या पत्रात बीपी आहे, क्रिएटिनिन आहे, पोटॅशियम आहे, प्रत्येक गोळीचे मिलिग्रॅम आहेत. वजन नाही. मानेतली शीर किती वर दिसते ते नाही. पायांवर सूज आहे की नाही, तेही नाही. दोष देत नाही. गर्दीच्या ओपीडीत रिपोर्ट हातात असतो आणि पेशंट खुर्चीत असतो, त्यामुळे आपण रिपोर्टच वाचत बसतो. पण हार्ट फेल्युअरमध्ये अंगात पाणी जास्त आहे, बेताचं आहे की कमी पडलंय, हे ठरल्याशिवाय ९६ या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही. मानेची शीर खाली, जीभ कोरडी आणि बीपी ९६ असेल तर लघवीची गोळी जास्त होतेय. शीर कानापर्यंत फुगलेली, हात-पाय गार आणि बीपी तेच ९६ असेल तर हृदयाचा जोर कमी पडतोय, आणि त्या पेशंटला हॉस्पिटलमध्ये पाठवायचं असतं. दोघांच्या केसपेपरवर बीपीचा आकडा एकच असतो.

म्हणून पुढच्या भेटीत आधी शर्ट काढायला सांगा. पाठ ४५ अंशांत टेकवा, मान किंचित डावीकडे वळवा आणि उजव्या बाजूची मानेची शीर (इंटर्नल जुग्युलर) शोधा. स्टर्नल अँगलपासून (छातीच्या मधल्या हाडावरचा उंचवटा) सरळ उभं अंतर मोजायचं; ३ सेंटिमीटरच्या वर गेलं तर दाब वाढलेला आहे. शीर दिसलीच नाही तर ‘नॉर्मल’ लिहून मोकळे होऊ नका. ती फार खाली असू शकते, तशीच इतकी वरही असू शकते की तिचा माथा जबड्यामागे लपतो. पेशंटला थोडं आणखी आडवं करा, मग ताठ बसवा, म्हणजे उलगडा होतो. मग उजव्या बरगडीखाली पोटावर तळहाताने दहा-पंधरा सेकंद सावकाश दाब द्या. शीर वर चढून दाब काढेपर्यंत तिथेच थांबली तर पाणी आहे. छातीत क्रेप्स (पाण्यामुळे येणारे करकर आवाज) नाहीत यावर मात्र विसंबू नका. ज्यांचं हार्ट फेल्युअर जुनं आहे त्यांच्या फुप्फुसांतल्या लसिकावाहिन्या जास्तीचं पाणी ओढून नेण्याइतक्या सरावलेल्या असतात, त्यामुळे डाव्या बाजूचा दाब बराच वाढलेला असूनही स्टेथोस्कोपला काही ऐकू येत नाही. घोट्यावर सूज नसेल आणि पेशंट बराच वेळ पडून राहणारा असेल तर कमरेच्या खाली, सेक्रमवर अंगठा दाबून बघा.

तोंडी विचारायच्या गोष्टीही नेमक्या विचाराव्यात. ‘दम लागतो का?’ म्हटलं की पेशंट ‘नाही’ म्हणतो, कारण ज्यात दम लागतो ते करणंच त्याने सोडून दिलेलं असतं. उशा किती घेता, रात्री उठून बसावं लागतं का, बूट घालायला वाकलं की अर्ध्या मिनिटात श्वास अडतो का, मागच्या महिन्यात जे करत होता त्यातलं काय सोडलं, असं विचारा. खरी माहिती बहुतेक वेळा शेवटच्या प्रश्नातून मिळते, आणि तीही सोबत आलेल्या माणसाकडून.

यानंतर बीपी झोपून मोजा, उभं करून एका मिनिटाने मोजा, तीन मिनिटांनी परत मोजा. वरचं बीपी २० ने खाली आलं आणि मानेची शीर खाली असेल, तर त्यांच्या गरगरण्याचं कारण सापडलं. माझा अंदाज, तुमच्या वर्णनावरून, हाच आहे. फ्युरोसेमाइड ४० दोन वेळा हा डोस साचलेलं पाणी काढण्यासाठी लावलेला असतो. पाणी निघून गेल्यावर तोच डोस महिनोन्महिने चालू राहतो, कारण डिस्चार्ज कार्डावर तो छापलेला असतो. शिवाय डॅपाग्लिफ्लोझिन आणि सॅक्युबिट्रिल ही दोन्ही स्वतःसुद्धा मीठ-पाणी बाहेर टाकायला मदत करतात, त्यामुळे ती सुरू झाल्यावर लघवीच्या गोळीची गरज कमी होते. पेशंट कोरडा आहे याची खात्री झाली तर दुपारची गोळी बंद करा, सकाळची ठेवा आणि आठवड्याने वजन बघा. लघवीच्या गोळीने आराम पडतो, पण तिने आयुष्य वाढतं असा पुरावा नाही. ज्या कमीत कमी डोसवर वजन स्थिर राहतं, तोच तिचा योग्य डोस.

आता पिशवी. पेशंटला सांगा, घरात असतील तेवढ्या सगळ्या गोळ्या घेऊन या, ‘हृदयाच्या’ तेवढ्याच नाहीत. त्या तुमच्या टेबलावर ओतायला लावा. कधीकाळी ब्लडप्रेशरसाठी दिलेली आणि अजून चालू असलेली अम्लोडिपिन त्यात निघते. छातीत दुखणं थांबून वर्ष झालं तरी चालू असलेली नायट्रेटची गोळी निघते. प्रोस्टेटसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेलं टॅम्सुलोसिन निघतं. एकच औषध दोन ब्रँडच्या नावांनी निघतं, आणि पेशंट दोन्ही इमानेइतबारे घेत असतो. बीपी वाढवायचं असेल तर आधी इथे कात्री लावा, कारण हार्ट फेल्युअरमध्ये यांतल्या कशानेही आयुष्य वाढत नाही. प्रोस्टेटची गोळी त्रास असेल तर रात्री झोपताना देता येते. पिशवीत एसीई इनहिबिटरची (एनालाप्रिलच्या गटातल्या गोळीची) जुनी पट्टी दिसली तर ती मात्र तिथल्या तिथे बाजूला काढा. सॅक्युबिट्रिलबरोबर ती चालत नाही, चेहरा-जीभ सुजण्याचा धोका असतो. एकावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये ३६ तासांचं अंतर लागतं, ते याचसाठी.

गुडघेदुखीचा उल्लेख तुम्ही जाता जाता केलाय, माझं लक्ष मात्र तिथेच अडलं. या पिशवीत डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन निघालं नाही तर मला नवल वाटेल. ही औषधं मीठ-पाणी धरून ठेवतात, लघवीच्या गोळीचा असर कमी करतात, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम दोन्ही वर नेतात. म्हणजे तुमचे दोन त्रासदायक आकडे हार्ट फेल्युअरच्या औषधांमुळे नसून गुडघ्याच्या गोळीमुळे असण्याची शक्यता आहे, आणि पुढचं ॲडमिशनही याच गोळीमुळे होऊ शकतं. पॅरासिटामॉल द्या, पण पाण्यात विरघळणारी फसफसती गोळी नको, तिच्यात सोडियम भरपूर असतं. मधुमेह असेल तर पायोग्लिटाझोन कुठे लपलेलं नाही ना तेही बघा. डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल पंपिंग कमी असलेल्या पेशंटला नकोतच.

गोळ्यांच्या वेळाही विचारा. सगळं काही सकाळी आठला एकदम घेतलं आणि दहाला घरच्यांनी मशीन लावलं तर ९६ दिसणारच. बिसोप्रोलॉल रात्री, स्पायरोनोलॅक्टोन दुपारी असं विभागून दिलं की पुष्कळांचं गरगरणं थांबतं, एकही मिलिग्रॅम कमी न करता.

क्रिएटिनिनबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण चांगली औषधं सगळ्यात जास्त वेळा बंद होतात ती या आकड्याला घाबरून. १.२ वरून १.५ म्हणजे २५ टक्के वाढ. सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन किंवा एसीई इनहिबिटर सुरू केल्यावर किडनीतल्या गाळणीतून बाहेर जाणारी रक्तवाहिनी सैल होते, गाळणीतला दाब उतरतो आणि गाळण थोडी मंदावते. डॅपाग्लिफ्लोझिन आत येणारी वाहिनी किंचित आवळतं आणि गाळणीतला दाब त्यानेही उतरतो. दोन्हींमध्ये किडनीच्या पेशींना इजा झालेली नसते. उलट, दाब उतरल्यामुळेच लांब पल्ल्यात किडनी जास्त टिकते. म्हणून मूळ आकड्याच्या ५० टक्क्यांपर्यंतची वाढ, किंवा क्रिएटिनिन ३ पर्यंत, यांतलं जे कमी असेल ते चालवून घ्यायचं असतं. तुमच्या पेशंटमध्ये ते १.८ च्या आसपास येतं. त्यापलीकडे गेलं तर पिशवी आणि पाणी पुन्हा तपासा, मग डोस अर्धा करा. दुप्पट झालं किंवा ३.५ च्या वर गेलं, तर थांबवून तज्ज्ञांशी बोला.

याच आकड्याची दुसरी बाजू जास्त धोक्याची आहे. पाय सुजलेत, मानेची शीर फुगलीय, पोट तुडुंब आहे आणि क्रिएटिनिन १.९. इथे हमखास कुणीतरी लघवीची गोळी बंद करतं, ‘किडनी कोरडी पडेल’ म्हणून. या पेशंटची किडनी पाण्यात बुडालेली असते. शिरांमधला दाब इतका वाढलेला असतो की किडनीतून रक्त बाहेरच पडत नाही, आणि गाळणीला लागणारा दाबातला फरक उरत नाही. इथे लघवीचं औषध वाढवायचं असतं, बहुतेक वेळा शिरेतून. पाणी उतरलं की क्रिएटिनिन पुष्कळदा आपोआप खाली येतं, आणि थोडं चढलेलं राहिलं तरी साचलेलं पाणी उतरून पेशंट घरी जाणं हे आकड्यापेक्षा महत्त्वाचं.

पोटॅशियम ५.२ साठी स्पायरोनोलॅक्टोन थांबवायचं नाही. ५.५ च्या वर गेलं तर डोस अर्धा, ६ च्या वर गेलं तर बंद आणि तातडीने ईसीजी. ५.२ ला आधी रक्त घेताना हात फार वेळ आवळून ठेवला होता का, नमुना उशिरा पोचून पेशी फुटल्या का, हे बघून एकदा पुन्हा करा. मग मिठाच्या जागी ‘लो सोडियम’ मीठ वापरताहेत का ते विचारा. त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम क्लोराइड असतं, आणि ‘हृदयाला चांगलं’ म्हणून नातेवाईकांनीच ते आणलेलं असतं. पोटॅशियम पुन्हा पुन्हा चढत असेल तर ते आतड्यात बांधून ठेवणारी पावडर मिळते, उदाहरणार्थ सोडियम झिरकोनियम सायक्लोसिलिकेट. स्पायरोनोलॅक्टोन सोडण्यापेक्षा ती देणं मला बरं वाटतं. रक्ततपासणी सुरुवातीला आठवड्याने, मग चार आठवड्यांनी, पुढे तीन-चार महिन्यांनी. ही शिस्त पाळता येत नसेल तर मात्र स्पायरोनोलॅक्टोन धोकादायक आहे, हेही तितकंच खरं.

एवढं सगळं करून बीपी ९० च्या आसपासच राहिलं आणि त्रासही होत राहिला, तर? तेव्हा मी डॅपाग्लिफ्लोझिन आणि स्पायरोनोलॅक्टोनला हात लावणार नाही. दोन्हींनी बीपी फारसं उतरत नाही. नाडी बघेन. ६० च्या खाली असेल तर बिसोप्रोलॉल अर्धं. ७० च्या वर असेल तर बिसोप्रोलॉल ठेवून सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन एक पायरी खाली, ५० चं २५. डोस उतरवायचा, औषध बंद करायचं नाही, आणि पुन्हा चढवायची तारीख केसपेपरवर त्याच वेळी लिहायची. ‘सध्या कमी केलं’ असं लिहिलेले डोस वर्षानुवर्षं तसेच राहतात. आणि ज्याला ९४ बीपी असून गरगरत नाही, जो चालतो-फिरतो, ज्याची लघवी नीट होते, त्याच्या बीपीला काही करायचं नसतं. सॅक्युबिट्रिल-वल्सार्टनची मोठी चाचणी २०१४ साली आली, पॅराडाइम-एचएफ. त्यात एनालाप्रिलच्या तुलनेत हृदयविकाराचा मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरचं ॲडमिशन २० टक्क्यांनी कमी झालं, आणि सुरुवातीचं बीपी कमी असलेल्यांतही तो फायदा टिकून राहिला.

बाकीच्या तिघांचा हिशोबही डोळ्यांसमोर ठेवा. १९९९ सालच्या रेल्स चाचणीत स्पायरोनोलॅक्टोनने मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले, त्याच वर्षीच्या सिबिस-२ मध्ये बिसोप्रोलॉलने ३४ टक्क्यांनी. २०१९ सालच्या डापा-एचएफमध्ये डॅपाग्लिफ्लोझिनने हृदयविकाराचा मृत्यू किंवा आजार बिघडणं २६ टक्क्यांनी कमी केलं, मधुमेह असो वा नसो. घरच्यांच्या फोनमुळे यांतलं एखादं बंद करताना आपण काय काढून घेतोय याची जाणीव असलेली बरी.

आणि वेळेचं महत्त्व आहे. तुमचे पेशंट दहाव्या दिवशी आहेत, म्हणजे अगदी नाजूक काळात. २०२२ सालच्या स्ट्राँग-एचएफ चाचणीत डिस्चार्जच्या आधीच औषधं अर्ध्या डोसवर आणली, दोन आठवड्यांत पूर्ण डोसवर नेली, आणि पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या व सहाव्या आठवड्यात पेशंटला बोलावून तपासलं. १८० दिवसांत मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरमुळे पुन्हा ॲडमिशनचं प्रमाण १५.२ टक्के निघालं. नेहमीच्या पद्धतीने सांभाळलेल्या गटात २३.३. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी वेळेआधी थांबवली. मात्र त्यांचेही नियम होते. बीपी ९५ च्या खाली, नाडी ५५ च्या खाली किंवा पोटॅशियम ५ च्या वर असेल तर त्या भेटीत डोस वाढवायचा नाही. त्या हिशोबाने तुमच्या पेशंटचा डोस आज वाढणार नाही. पण त्यांना दोन महिन्यांनी बोलवायचंही नाही. पुढच्या आठवड्यात बोलवा, आणि त्याच्या पुढच्या आठवड्यातही. माझ्या मते कोणत्याही एका गोळीच्या नावापेक्षा या चार-पाच लागोपाठच्या भेटींनी जास्त फरक पडतो.

फोनबद्दल. बीपीचं मशीन कपाटात ठेवायला सांगा, आणि त्याऐवजी वजनकाटा घ्यायला सांगा. बीपी दिवसातून एकदा, बसून पाच मिनिटं शांत राहिल्यावर, गोळ्या घ्यायच्या आधी, तेवढं पुरे. वजन रोज सकाळी, लघवी झाल्यावर, काही खाण्याआधी, साधारण तेवढ्याच कपड्यांत, आणि वहीत लिहायचं. तुम्ही तपासून ‘आज पाणी बेताचं आहे’ असं ठरवाल त्या दिवसाचं वजन वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा. तीन दिवसांत दोन किलोंपेक्षा जास्त वाढलं तर फोन करायचा. उलट, वजन उतरतंय आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तरी फोन करायचा. घाबरलेल्या माणसांना ‘काळजी करू नका’ म्हणून भागत नाही, करायला काहीतरी द्यावं लागतं. आणि फोनवर तुम्ही ‘बीपी किती?’ च्या आधी ‘वजन किती?’ विचारायला लागलात की महिन्याभरात तेही आपणहून वजनच सांगू लागतात.

उलट्या-जुलाब झाले, ताप आला, खाणं-पिणं बंद पडलं, तर त्या दिवसांपुरतं डॅपाग्लिफ्लोझिन, स्पायरोनोलॅक्टोन आणि लघवीची गोळी थांबवायची आणि तुम्हाला कळवायचं, हे आधीच लिहून द्या. सॅक्युबिट्रिल-वल्सार्टनचं काय करायचं ते तुम्ही त्या दिवशीच्या बीपीवर ठरवा. खाणं-पिणं सुरू होऊन एक-दोन दिवस झाले की सगळं परत सुरू, हे वाक्य त्याच कागदावर हवं. ठरवून केलेल्या ऑपरेशनच्या आधी डॅपाग्लिफ्लोझिन निदान तीन दिवस बंद ठेवतात. जननेंद्रियाजवळ खाज, बुरशी होऊ शकते हेही पेशंटला मोकळेपणाने सांगा, नाहीतर लाजेखातर ते गोळीच सोडून देतात.

मिठाबद्दल लोक आपल्याला सगळ्यात जास्त विचारतात, मला त्यात सगळ्यात कमी सांगायचंय. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, वरून मीठ घ्यायचं नाही. त्याहून कडक पथ्याने मृत्यू किंवा ॲडमिशन कमी होतात असं २०२२ सालच्या सोडियम-एचएफ चाचणीत दिसलं नाही. बेचव जेवणामुळे भूक मेलेला पेशंट वजन हरवतो, तेही स्नायूंचं.

‘गोळ्या किती महिने?’ याचं उत्तर पहिल्याच भेटीत सरळ द्या: कायम. ‘बघू, इको सुधारला की कमी करू’ असं म्हटलंत तर सहा महिन्यांनी ते आपणच कमी करून येतील. इको सुधारतो, ते औषधांमुळे. ट्रेड-एचएफ नावाच्या छोट्या चाचणीत डायलेटेड कार्डिओमायोपथीचे (हृदय फुगून पंपिंग कमी होण्याच्या आजाराचे) असे पेशंट घेतले होते ज्यांचं पंपिंग पूर्ववत झालं होतं आणि ज्यांना काही त्रास नव्हता. देखरेखीखाली त्यांची औषधं हळूहळू बंद केली. सहा महिन्यांत २५ पैकी ११ जणांचा आजार परतला. पेशंटला हे एवढंच सांगा, टक्केवारी नको. लघवीची गोळी मात्र कमी होऊ शकते, कधी बंदही होऊ शकते, हे सांगितलं की त्यांनाही जरा हायसं वाटतं.

थकव्यासाठी हिमोग्लोबिन बघून थांबू नका. फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन या लोहाच्या तपासण्या करा. फेरिटिन १०० च्या खाली, किंवा १०० ते २९९ आणि सॅच्युरेशन २० टक्क्यांखाली, याला हार्ट फेल्युअरमध्ये लोहाची कमतरता धरतात, हिमोग्लोबिन चांगलं असलं तरी. लोह शिरेतून द्यावं लागतं. तोंडाने दिलेल्या गोळ्यांचा या पेशंटना उपयोग होत नाही. थायरॉइड झालं नसेल तर तेही एकदा.

शेवटचं, आणि हे तुम्ही विचारलेलं नाही. पाच महिन्यांत दोन ॲडमिशन्स, बीपी शंभरच्या खाली, औषधं सोसायला जड जाताहेत. हे तिन्ही एकत्र दिसलं की हार्ट फेल्युअर तज्ज्ञांचं मत घ्यायची वेळ झाली असं समजावं. पेशंट आणखी खालावण्याची वाट बघू नका. बीपी कायम ९० च्या खाली गेल्यावर आणि किडनी थकल्यावर पाठवलेल्या पेशंटसाठी त्यांच्याही हातात फारसं उरत नाही. तुम्ही औषधं सांभाळायची, त्यांनी पुढचं ठरवायचं, असं दोन्ही एकाच वेळी चालू शकतं. पंपिंग ३५ टक्के किंवा त्याखाली असेल तर शक्य तेवढ्या पूर्ण औषधांवर तीन महिने काढून इको पुन्हा करतात, आणि तरीही तेवढंच राहिलं तर आयसीडीचा (जीवघेणी लय शॉक देऊन थांबवणाऱ्या, शरीरात बसवायच्या यंत्राचा) विचार करतात. दर दोन आठवड्यांनी एक गोळी बंद, एक चालू असं झालं तर ते तीन महिने कधी सुरूच होत नाहीत. ईसीजीत लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक (हृदयाच्या डाव्या बाजूकडे जाणारा विद्युतसंदेश अडलेला) असून क्यूआरएस (ठोक्याची मुख्य लहर) १५० मिलिसेकंद किंवा त्याहून रुंद असेल, तर सीआरटी (हृदयाच्या दोन्ही बाजू एकत्र आकुंचन पाववणारा पेसमेकर) हा आणखी एक मार्ग आहे, आणि ज्यांना तो लागू पडतो त्यांचं बीपीही पुष्कळदा त्यानंतर औषधं सोसण्याइतकं वर येतं.

दोन ॲडमिशन्स झाल्यात म्हणजे ईसीजी झालेला असणारच. क्यूआरएसची रुंदी, उभं राहून घेतलेलं बीपी, वजन आणि पिशवीत काय निघालं ते कळवा.